धाप लागते, म्हणजे दमाच?

तेंदूपानाच्या हंगामात जंगलात जाणारी तिशीतली बाई चार पावलांवर थांबू लागली, की घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे. मग दमा ठरतो. चंद्रपुरात कोळशाच्या धुळीवर खापर फुटते, गडचिरोलीच्या खेड्यात चुलीच्या धुरावर. खोकला वाढला, की क्षयाची शंका येते. बहुतेकदा यातले काहीतरी खरे असते. पण नेहमीच नाही.

‘लॅम’ नावाचा एक दुर्मीळ विकार आहे. पूर्ण नाव लिम्फॅन्जिओलायोमायोमॅटोसिस. तो जवळजवळ केवळ स्त्रियांनाच, बहुधा मूल होण्याच्या वयात गाठतो. स्नायूंसारख्या पेशी फुफ्फुसात भलत्याच वाढतात, जागोजागी पातळ भिंतींच्या पोकळ्या होतात. एखादी फुटली, तर छातीत हवा साठून फुफ्फुस मिटते. साध्या एक्स-रेत हे सुरुवातीला दिसेलच असे नाही; सीटी स्कॅनमध्ये दिसते.

आयुष्य बँकेत गेले, म्हणून हिशेब मांडतो. २०११च्या जनगणनेत या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे ३३ लाख माणसे होती. म्हणजे १६ लाखांच्या आसपास स्त्रिया. त्यांत अशा रुग्ण मोजक्याच असणार. तेवढ्यांसाठी कशाला लिहायचे, असे कुणी विचारील. पण रक्कम लहान म्हणून खातेवहीतून ती कुणी खोडत नाही.

शिवाय आता उपाय आहे. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून ‘रॅपामायसिन’ मिळवणाऱ्यांत बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले सुरेंद्रनाथ सहगल होते. कंपनीने काम थांबवले, तेव्हा त्यांनी त्याच्या कुप्या घरच्या फ्रीझरमध्ये जपल्या. हेच औषध ‘सिरोलिमस’ नावाने मूत्रपिंडारोपणात वापरात आले. पुढे ८९ रुग्णांवरच्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने लॅममधली फुफ्फुसांची घसरणही रोखली. औषध थांबताच घसरण पुन्हा सुरू झाली. म्हणजे रोग बरा होत नाही, थोपवता येतो. गेलेले फुफ्फुस परत येत नाही, म्हणूनच निदान लवकर हवे.

थुंकीत काही सापडत नाही, दम्याच्या औषधाने उतार नाही, छातीत हवा साठण्याचा प्रकार घडला, तर ‘सीटी स्कॅन करायचा का?’ असे डॉक्टरांना जरूर विचारावे. भामरागडकडच्या माणसाला त्यासाठी मजुरी बुडवून किती दूर जावे लागते, हे शासनानेही ध्यानात घ्यावे. पण घरातला पुरुष आजारी पडला, तर गाडी त्याच दिवशी निघते. सुनेला मात्र सांगितले जाते, रोवणी आटपू दे, मग पाहू. निदान तेवढे तरी आपण सांगू नये.