तारीख म्हणे सायंटिफिक!

आमच्या कोल्हापुरात शिवजयंती तीनदा होते. 19 फेब्रुवारीला सरकारी, फाल्गुन वद्य तृतीयेला तिथीची, आणि वैशाखात पेठांमधली पारंपरिक. परवा रंकाळ्यावर ऑफिसातला एक मित्र म्हणाला, "तिथी-बिथी सोड रे, तारीख कशी सायंटिफिक असते!" मंडळी, डोकंच फिरलं.

या सायंटिफिक तारखेचं मूळ बघा. रोममध्ये वर्षात जादा महिना कधी घालायचा हे पुरोहित ठरवायचे. मर्जीतला माणूस पदावर असेल तर वर्ष लांबवायचं, नसेल तर आखडायचं. हिशेब इतका ढळला की ज्युलियस सीझरला इ.स.पू. 46 हे एक वर्ष चक्क 445 दिवसांचं करावं लागलं! आपल्या अधिक महिन्याला निदान गणिताचा नियम तरी आहे.

बरं, सीझरनंतर तरी? त्याचं वर्ष खऱ्या वर्षापेक्षा सुमारे 11 मिनिटांनी मोठं. साचत साचत फरक एवढा झाला की 1582 मध्ये पोप ग्रेगरीने 10 दिवस कापले. इंग्लंडने ते 1752 पर्यंत मानलं नाही.

आता गंमत. जेधे शकावलीत इंग्रजी तारीख नाहीच. आहे ती तिथी: फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551. (1551 + 78 = 1629 करू नका. फाल्गुन म्हणजे वर्षाचा शेवट, तोवर इंग्रजी साल बदललेलं असतं. म्हणून 79 मिळवा, 1630.) त्या तिथीची 19 फेब्रुवारी होते ती सीझरच्या कॅलेंडरने. आज भिंतीवर असलेल्या कॅलेंडरने तो दिवस 1 मार्च! म्हणजे ज्युलियन तारीख उचलून आपण ग्रेगोरियन कॅलेंडरवर चिकटवली. टाइमझोन न लिहिता वेळ सेव्ह करणाऱ्या ज्युनियरला कोड रिव्ह्यूत आपण झापतो ना? हा तोच बग.

तिथीवाल्यांनीही लगेच कॉलर ताठ करू नये. वैशाखातली जयंती शके 1549, म्हणजे 1627 धरते. वर्ष कोणतं हा प्रश्न पंचांगाचा नाही, पुराव्याचा आहे. तो जुने कागद वाचून सुटतो, डॉल्बी लावून नाही.

माझं म्हणणं एवढंच: 19 फेब्रुवारी खुशाल ठेवा. सोयीची आहे, सगळ्या राज्याला एक दिवस मिळतो. पण सोयीला विज्ञान म्हणू नका, आणि त्या जोरावर पेठेतल्या पोरांना अडाणी ठरवू नका.

असो. यंदा मी तिन्ही जयंत्यांना जाणार. तुम्ही?