सेगाव, शेगाव आणि दूरध्वनीचा पत्ता

१/ सेवाग्राम आश्रमात बापूंच्या काळचा दूरध्वनी आजही पाहायला मिळतो. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याशी थेट संपर्कासाठी तो बसवला, असे सांगितले जाते. आपण यंत्र पाहतो, छायाचित्र काढतो, पुढे निघतो. माझ्या मते दूरसंचाराचा खरा इतिहास त्या यंत्राहून अधिक या गावाच्या नावात आहे. #थ्रेड

२/ १९३६ साली गांधीजी येथे राहायला आले, तेव्हा हे गाव सेगाव होते. बुलढाणा जिल्ह्यातले शेगाव याच नागपूर-भुसावळ लोहमार्गावरचे. नामसाधर्म्यामुळे टपालाचा घोटाळा होई. १९४० साली सेगावचे ‘सेवाग्राम’ झाले. नव्या नावात सेवेचा आदर्श होताच; पण निमित्त होते चुकणारा पत्ता.

३/ दूरध्वनीलाही हाच प्रश्न सोडवावा लागला. आधी ऑपरेटर क्रमांक ऐकून हाताने तार जोडी. पुढे ते काम यंत्राकडे गेले. तरी जोडणीचे संकेत आणि बोलणे बराच काळ एकाच वाटेने जात. अमेरिकेत काहींनी २६०० हर्ट्झचा सूर वाजवून फुकट ट्रंक कॉल केले, ते याच फटीतून.

४/ १९८० साली सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय समितीने ‘सिग्नलिंग सिस्टिम क्रमांक ७’ची मानके स्वीकारली. संकेतांना स्वतंत्र वाट मिळाली आणि प्रत्येक केंद्राला ‘पॉइंट कोड’ नावाचा पत्ता. तो १४ बिटांचा, म्हणजे एका जाळ्यात १६,३८४ पत्ते. एकाच जाळ्यात दोन केंद्रांना एकच कोड दिला, की सेगाव-शेगाव झालेच!

५/ पुढे हे काम साध्या संगणकांवरही होऊ लागले. इंटरफेस बोर्ड तारेवरचे संकेत झेलतो. संदेश कुठे धाडायचा, हे होस्ट संगणकावरील सॉफ्टवेअर ठरवते. दोघांचा मेळ घालते एक सेटिंगची फाइल : कोणता बोर्ड, कोणती वाहिनी, आपला कोड कोणता, पलीकडचा कोणता.

६/ बोलण्याच्या प्रत्येक वाहिनीचा क्रमांक दोन्ही टोकांना सारखाच नोंदवावा लागतो. एका बाजूला तो एकाने जरी सरकला, तरी पलीकडे घंटी वाजते, फोन उचलला जातो, आकारणीही सुरू होते. फक्त आवाज पोहोचत नाही.

७/ म्हणूनच जाणता तंत्रज्ञ संकेतांचे दुवे दोन बोर्डांवर, शक्य तर दोन संगणकांवर विभागून ठेवतो. एक बंद पडला तरी दुसरा भार वाहतो. हे शहाणपण यंत्र पाहून कळत नाही. ते त्या फाइलीत असते आणि ती लिहिणाऱ्याच्या अनुभवात.

८/ आपण इतिहासाचे विद्यार्थी साधने जपतो, जोडणी विसरतो. जुने एक्स्चेंज मोडीत निघते तेव्हा तांब्याला भाव मिळतो. जोडणीचे तक्ते आणि नोंदवह्या मात्र रद्दीत जाण्याची भीती असते. कोणी म्हणेल, असल्या तांत्रिक कागदांत कसला इतिहास? पेशवे दफ्तरातले रोजकीर्दीचे हिशोबही एके काळी केवळ हिशोबच होते. सुरक्षेचा आक्षेप रास्त आहे. पण वापरातून गेलेल्या जोडण्यांना तो लागू करण्याचे कारण नाही.

९/ वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथे निवृत्त ऑपरेटर आणि तंत्रज्ञ भेटले, तर त्यांच्यापाशी बसा, विचारा, लिहून घ्या. आणि सेवाग्रामच्या त्या फोनपुढे पुन्हा उभे राहाल तेव्हा एवढाच प्रश्न मनात येऊ द्या : पलीकडची तार कोणी जोडली होती?