नवे ब्लेड, जुनी तुरटी

विषाणूंमुळे यकृताला येणारी सूज म्हणजे विषाणूजन्य हिपॅटायटिस. बोलण्यात तिला सरसकट कावीळ म्हटले जात असले, तरी तिचे पाच मुख्य प्रकार असून त्यांच्या प्रसाराच्या वाटा वेगळ्या आहेत. ए आणि ई हे प्रकार मुख्यतः दूषित पाणी व अन्नातून पसरतात. बी, सी आणि केवळ बी विषाणूच्या आधारानेच तगणारा डी हे मुख्यतः बाधित रक्ताच्या संपर्कातून पसरतात. पावसाळ्यात पाणी उकळून प्यावे, हे महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. रक्तातून येणाऱ्या काविळीविषयी मात्र तेवढी जाण नाही आणि ही उणीव रोज जिथे धोका निर्माण करते, अशा ठिकाणांपैकी एक म्हणजे गावोगावचे सलून.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना बी आणि ५५ लाख लोकांना सी प्रकाराचा जुनाट संसर्ग होता. जुनाट संसर्ग वर्षानुवर्षे लक्षणांशिवाय राहतो आणि पुढे यकृत निबर होण्यास किंवा कर्करोगास कारण ठरू शकतो. त्यामुळे खुर्चीवर बसलेल्या गिऱ्हाइकाला आपण बाधित आहोत याची कल्पना नसते आणि त्याची दाढी करणाऱ्यालाही ती येण्याचा मार्ग नसतो. याच कारणाने एखाद्या रुग्णाला संसर्ग नेमका सलूनमधून झाला की असुरक्षित इंजेक्शनातून, हे मागाहून ठरवणे अवघड जाते. तरीही बी विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, किमान सात दिवस टिकतो आणि डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंशही त्याच्या प्रसाराला पुरतो, हे लक्षात घेतले म्हणजे दाढीच्या साहित्याकडे गांभीर्याने पाहणे भाग पडते. बाधित रक्ताची सुई टोचल्यास एचआयव्हीचा संसर्ग होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते, तर बी विषाणूच्या बाबतीत, त्याची लस न घेतलेल्या व्यक्तीस, ती ६ ते ३० टक्के इतकी असते.

एड्सविषयीच्या प्रचाराने दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड वापरण्याची सवय बऱ्याच ठिकाणी रुजवली, ही मोठी कमाई आहे. परंतु जागरूकता ब्लेडपाशीच थांबली. अर्धे ब्लेड ज्यात बसवले जाते तो वस्तरा अनेकदा नुसता पुसला जातो. दाढी झाल्यावर ओली तुरटी गालांवर व गळ्यावर फिरवली जाते. ती बारीक रक्तवाहिन्या आकसवून रक्त थांबवते, विषाणू मारत नाही, आणि तोच खडा पुढच्या गिऱ्हाइकाच्या ताज्या ओरखड्यांवरही फिरतो. ज्या वस्तूवर स्वच्छतेची खूण म्हणून विश्वास ठेवला जातो, तीच रक्त एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर नेऊ शकते.

धार्मिक विधींच्या प्रसंगी हा प्रश्न अधिक नाजूक होतो. दहाव्याच्या दिवशी घाटावर एकाच कुटुंबातील अनेक पुरुषांचे क्षौर घाईने उरकले जाते, आणि जावळाच्या वेळी वस्तरा तान्ह्या मुलाच्या कोवळ्या त्वचेवर चालतो. बी विषाणूचा संसर्ग प्रौढपणी झाल्यास तो जुनाट होण्याचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते, तर तान्हेपणी झाल्यास ते सुमारे ९० टक्के असते. म्हणून बाळाचे लसीचे सर्व डोस झाल्यावरच जावळ काढावे आणि त्यासाठी नवे ब्लेड व निर्जंतुक साहित्य वापरण्याचा आग्रह धरावा.

या चर्चेत नाभिक व्यावसायिकाकडे बहुधा संसर्गाचे कारण म्हणून पाहिले जाते. वास्तविक सर्वाधिक वेळा धोक्याला सामोरा जाणारा तोच आहे. उघड्या बोटांनी ब्लेड मोडताना झालेली चीर घेऊन तो दिवसभर गिऱ्हाइकांच्या ओरखड्यांना हात लावतो. बी हिपॅटायटिसची लस बालकांच्या सार्वत्रिक लसीकरणात २०११ च्या सुमारास देशभर पोहोचली. त्यामुळे आज या व्यवसायात असलेल्या बहुसंख्य प्रौढांना ती मिळालेली नसणार. शून्य, एक आणि सहा महिन्यांनी घ्यावयाच्या तीन डोसांनी बी विषाणूपासून संरक्षण मिळते. सी प्रकारावर लस नाही, परंतु साधारण बारा आठवडे गोळ्या घेतल्यास ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात, आणि २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व उपचार मोफत आहेत. या कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी लसीची तरतूद आहे. रक्ताशी रोज संबंध येणाऱ्या नाभिकांनाही ती त्याच न्यायाने मिळाली पाहिजे.

कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला होता. ज्या व्यवसायाने दुसऱ्यांच्या सन्मानासाठी आपल्या मिळकतीवर पाणी सोडण्याची तयारी दाखवली, त्याला आरोग्याचे नियम दंडाच्या धाकाने शिकवण्याची गरज नाही. नाभिक संघटना आणि आरोग्य केंद्रे यांनी मिळून तपासणी व लसीकरणाची शिबिरे भरवावीत. तुरटीचा सामाईक खडा बंद करून प्रत्येकासाठी वेगळा तुकडा किंवा कापसाचा बोळा वापरावा. धातूची हत्यारे वीस मिनिटे उकळावीत. वापरलेली ब्लेडे जाड डब्यात साठवावीत. या सगळ्याला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून दाढीचे दर थोडे वाढल्यास गिऱ्हाइकाने कुरकुर न करता ते द्यावेत, कारण त्या रकमेत त्याच्या स्वतःच्या यकृताचेही रक्षण आहे.