बाजार कोणाच्या मालकीचा?

'पिकते तेथे विकत नाही' ही म्हण आपल्या पूर्वजांनी अनुभवाने घडविली. मालाचे गिऱ्हाईक दूरच्या शहरात असते आणि तेथवर जाण्याची वाट दुसऱ्याच्या ताब्यात असते, हे दुःख शेतकऱ्यास नवे नाही. आता मोबाइलमुळे ती वाट घराच्या उंबरठ्यापर्यंत आली आहे. कोल्हार परिसरात बचतगटांच्या बैठकीस गेलो असता, "साहेब, आमच्या गोधड्या ऑनलाइन विकायला टाकाव्यात का?" असा प्रश्न भगिनी मला वारंवार विचारतात. "अवश्य टाका," असेच माझे उत्तर असते. परंतु त्याबरोबर मीही एक प्रश्न विचारतो : ताई, ज्या बाजारात आपण दुकान मांडणार, तो बाजार कोणाच्या मालकीचा आहे?

हा प्रश्न मला का महत्त्वाचा वाटतो, हे समजण्यासाठी परदेशातील एका बाजाराची हकीकत पाहणे उपयुक्त होईल.

एट्सीची हकीकत

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात २००५ साली 'एट्सी' नावाचा ऑनलाइन बाजार सुरू झाला. हाताने केलेल्या वस्तू, जुन्या जपून ठेवलेल्या वस्तू आणि हस्तव्यवसायास लागणारे साहित्य एवढेच तेथे विकावे, असा त्याचा दंडक होता. वस्तू मांडण्यास २० सेंट आणि विक्री झाल्यावर साडेतीन टक्के, अशी त्याची आकारणी असे. तिला आपण आपल्या भाषेत अडत म्हणू. घरी बसून विणकाम करणाऱ्या स्त्रिया, कुंभारकाम करणारे, दागिने घडविणारे अशा लक्षावधी लोकांना येथे गिऱ्हाईक मिळाले. २०१४ च्या अखेरीस विक्रेत्यांची संख्या सुमारे १४ लाखांवर गेली होती.

१६ एप्रिल २०१५ रोजी ही कंपनी शेअरबाजारात उतरली. १६ डॉलरला विकलेला शेअर पहिल्याच दिवशी ३० डॉलरवर बंद झाला. विक्रेत्यांनाही काही शेअर विकत घेण्याची संधी देण्यात आली होती. परंतु माल विकणारा म्हणून विक्रेत्यास कंपनीत मत मिळाले नाही. मत मिळाले ते पैसे गुंतविणाऱ्यास.

शेअरबाजारातील कंपनीस दर तीन महिन्यांनी आपला हिशोब जगापुढे मांडावा लागतो. नफा वाढला नाही, तर शेअर पडतो आणि मोठे भागधारक जाब विचारू लागतात. एट्सीच्या बाबतीत असेच घडले. गुंतवणूकदारांच्या दबावानंतर मे २०१७ मध्ये कंपनीचा मुख्य कार्यकारी बदलला आणि अनेक नोकरांस घरी जावे लागले. समाजहित जपणारी कंपनी म्हणून मिळविलेले प्रमाणपत्रही त्याच वर्षी सोडून देण्यात आले. २०१८ मध्ये अडत साडेतीन टक्क्यांवरून पाच टक्के झाली, आणि माल पोचविण्याच्या खर्चावरही ती आकारली जाऊ लागली. एप्रिल २०२२ मध्ये ती साडेसहा टक्के झाली, तेव्हा हजारो विक्रेत्यांनी एक आठवडा आपली दुकाने बंद ठेवून निषेध नोंदविला. अडत मात्र कमी झाली नाही.

एक हजार रुपयांच्या गोधडीवर हाच हिशोब मांडून पाहावा : पूर्वी ३५ रुपये, मग ५०, मग ६५. गोधडी तीच, टाके तेच, श्रम तेच.

यावरून शेअरबाजार वाईट, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. जमलेल्या भांडवलामुळे बाजार वाढला, गिऱ्हाईक वाढले, आणि २०२० च्या महामारीत अनेक घरांना या विक्रीने आधार दिला, हेही खरे आहे. मुद्दा एवढाच की, ज्याचे भांडवल त्याचे धोरण. ज्या 'मीशो'वर आपल्या खेड्यांतील घरे आज खरेदी करतात, ती कंपनीही डिसेंबर २०२५ मध्ये शेअरबाजारात आली आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ परदेशाचा राहिलेला नाही.

भारतातही कारागिरांना भागधारक करण्याचा विचार झाला होता. हातमागाचे कापड व हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या 'फॅबइंडिया'ने जानेवारी २०२२ मध्ये शेअरबाजारात येण्यासाठी अर्ज केला, तेव्हा तिच्या प्रवर्तकांनी कारागीर व शेतकरी यांना सात लाखांहून अधिक शेअर देण्याचे जाहीर केले होते. हेतू स्तुत्य होता. परंतु बाजाराची स्थिती अनुकूल नसल्याने फेब्रुवारी २०२३ मध्ये तो अर्जच मागे घेण्यात आला. दुसऱ्याने दिलेली मालकी ही दुसऱ्याच्या सोयीवर अवलंबून राहते.

आपल्या शेजारचे उदाहरण

कोल्हारपासून लोणी फार दूर नाही. प्रवरेच्या कालव्यावर खासगी साखर कंपन्या पूर्वीपासून होत्या. ऊस भरपूर पिकत होता. पण कारखान्याचे धोरण ठरविणारे दूर होते. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले, अर्थशास्त्रज्ञ डॉ. धनंजयराव गाडगीळ यांनी अध्यक्षपद स्वीकारले, आणि १९५० मध्ये सहकारी कारखान्याचे पहिले गाळप सुरू झाले. तेथे ऊस घालणारा हाच मालक, आणि शेअर कितीही असोत, मत एकच, हे तत्त्व होते.

मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. तीच 'लिज्जत' संस्था. पापड लाटणारी भगिनी हीच तिची मालकीण असते. ही संस्था शेअरबाजारात गेली नाही, तरी तिचा माल परदेशांत पोचला.

सहकारातही दोष शिरले, हे लपविण्यात अर्थ नाही. जो सभासद सर्वसाधारण सभेस जात नाही, अहवाल वाचीत नाही, त्याची मालकी केवळ कागदावर उरते. मालकी टिकवावयाची, तर तिची राखण पिकाइतकीच करावी लागते.

आता काय करावे?

२००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन उत्पादक कंपनीची तरतूद झाली. दहा अथवा अधिक उत्पादकांना एकत्र येऊन अशी कंपनी स्थापन करता येते. व्यक्तिगत सभासदांची कंपनी असल्यास तिच्यात प्रत्येकास एकच मत असते, आणि तिचे शेअर शेअरबाजारात विकता येत नाहीत. यामुळे बाहेरचे भांडवल मिळणे कठीण जाते, हा तोटा आहे. परंतु मालकी हातची जात नाही, हा लाभ त्याहून मोठा, असे माझे मत आहे. शेती करणाऱ्यांप्रमाणेच हस्तव्यवसाय करणाऱ्यांनाही ही वाट मोकळी आहे.

म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गटांस पुढील गोष्टी समजावून द्याव्यात :

१. ऑनलाइन बाजार हा आठवड्याच्या बाजारासारखा मानावा. तेथे माल न्यावा. पण घर तेथे बांधू नये. सर्व माल एकाच ठिकाणी कधीही मांडू नये.

२. अडत, पोचविण्याचा खर्च, जाहिरातीचा आकार व परत आलेला माल यांची स्वतंत्र वही ठेवावी, आणि हाती पडणारी रक्कम दर महिन्यास ताडून पाहावी.

३. मालावर गटाचे स्वतःचे नाव व खूण असावी. गिऱ्हाइकाने बाजाराचे नव्हे, गटाचे नाव लक्षात ठेवले पाहिजे.

४. अटी बदलल्याची सूचना आली, तर ती बैठकीत मोठ्याने वाचावी व तिच्यावर चर्चा करून मगच पुढील माल पाठवावा.

५. विक्री स्थिरावल्यावर, जवळपासच्या गटांनी मिळून स्वतःची उत्पादक कंपनी अथवा सहकारी संस्था उभी करण्याचा विचार करावा.

दूरच्या बाजारात माल विकणे हे धाडसाचे काम आहे, आणि ते आपल्या भगिनींनी जरूर करावे. मात्र आपण तेथे मालक आहोत की केवळ गाळेकरी, हे ओळखून पाऊल टाकावे. गाळ्याचे भाडे ठरविणे गाळेकऱ्याच्या हाती कधीच नसते. प्रवराकाठच्या शेतकऱ्यांनी हे सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी जाणले होते. आपण ते विसरता कामा नये.