तीन टिंबांचा गुन्हा काय?

गुलमंडीवर चहा पिताना कुणी आपल्याला "तू लई शहाणा" म्हणालं, तर त्याच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून ती थट्टा आहे हे लगेच कळतं. फोनवर अनोळखी माणसांशी गप्पा मारताना यातलं काहीच हाताशी नसतं. उरतात चार शब्द आणि दोन-तीन चिन्हं. मग लोक त्या चिन्हांवरूनच सूर ओळखायला बघतात. पूर्णविराम दिला म्हणजे चिडलाय. तीन टिंबं दिली म्हणजे टोमणा आहे. तीन उद्गारचिन्हं दिली म्हणजे भांडायलाच आलाय!

माझं म्हणणं सरळ आहे. अनोळखी माणसाच्या विरामचिन्हांवरून त्याची नियत ठरवणं हा अडाणीपणा आहे. आणि त्याचं नाव बघून चिन्हांचा अर्थ लावणं हा अन्याय आहे.

मी वर्गात उर्दूही शिकवतो आणि मराठीही. ही चिन्हं आपल्याकडे किती अलीकडची आहेत, हे मला रोज दिसतं. मोडी लिपीत शतकानुशतकं कारभार चालला. तिच्यात विरामचिन्हं नव्हती, दोन शब्दांत जागाही सोडत नसत. स्वल्पविराम, पूर्णविराम मराठीत रुजवले ते एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी या इंग्रज माणसाने. उर्दूचंही फार वेगळं नाही. मौलवी अब्दुल हक यांनी याच शहरात राहून अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभार चालवला, १९२१ मध्ये इथूनच 'उर्दू' हे त्रैमासिक काढलं. त्यांच्या व्याकरणात विरामचिन्हांसाठी वेगळं प्रकरण आहे. म्हणजे उर्दू वाचणाऱ्यांनाही ती समजावून सांगावी लागत होती.

दोन्ही भाषांत चिन्हांची रूपंही वेगळी. मराठीत वाक्याच्या शेवटी टिंब येतं, उर्दूत आडवी छोटी रेघ, हिंदीत उभा दंड. उर्दूचा स्वल्पविराम मराठीच्या उलटा, प्रश्नचिन्हाचं तोंड दुसरीकडे. उर्दू शाळेत शिकलेला मुलगा मराठीत लिहिताना टिंबाऐवजी रेघ देतो. कुणी हिंदी कळफलक वापरतो, त्याच्या मराठीत दंड येतो. लगेच एखादा शुद्धलेखनाचा फौजदार हजर होतो: "आधी मराठी शिकून ये." मुद्दा असतो शहराच्या पाण्याचा, आठवड्यातून नळ किती वेळा येतो याचा. त्यावर बोलायला काही नसलं की हे दंड मोजत बसतात.

पूर्णविरामाने माणूस रागीट वाटतो, ही तक्रार फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, की फोनवरच्या एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला तर ते वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना कमी मनापासूनचं वाटतं. तेच उत्तर हाताने चिठ्ठीवर लिहिलं असेल तर असा फरक दिसला नाही. टिंब तेच, राग कुठून आला? तो वाचणाऱ्याच्या सवयीतून आला. माझ्या वयाची माणसं वाक्य संपलं म्हणून टिंब देतात. आमचे वडीलधारे तर दोन वाक्यांच्या मधे श्वास घ्यावा तशी टिंबं पेरतात. विशीतल्या पोरांना त्यात धमकी दिसते.

इथवर हा फक्त वयाचा, सवयीचा घोळ आहे. थोडं हसून सोडून देता येतो. पण आपल्या शहरात गोष्ट इथे थांबत नाही.

नान-खलियाच्या एका व्हिडिओखाली एकाने लिहिलं होतं, "एकदा खाऊन बघा, परत जाणार नाही..." लोकांनी हसून दाद दिली. थोडं खाली दुसऱ्याने जवळजवळ हेच लिहिलं, टिंबंही तेवढीच. त्याला विचारणा झाली, "धमकी देतोस का?" पहिल्याचं नाव एका समाजातलं होतं, दुसऱ्याचं दुसऱ्या. दुसऱ्या पोराने हात जोडल्याची चित्रं टाकली, "मजाक होता भाऊ" म्हणाला आणि शेवटी लिहिलेलं पुसून टाकलं. आणि हे एकाच बाजूने होतं असं नाही. आमच्या गटांतही एखाद्या हिंदू मित्राचं साधं उद्गारचिन्ह चिथावणी म्हणून फिरवलं जातं. तेही तितकंच चूक आहे.

यात नुकसान थट्टेचं होतं. कुणी म्हणेल, थट्टा गेली तर काय बिघडलं? खूप बिघडलं. अनोळखी माणसं एकमेकांची चेष्टा करतात तेव्हाच ती हळूहळू ओळखीची होतात. ज्याला प्रत्येक टिंब तपासून द्यावं लागतं, तो चेष्टा करायचं सोडून देतो. मग तो फक्त आपल्या माणसांत बोलतो. एकाच गल्लीत राहून दोन शहरं तयार होतात ती अशीच.

कुरआन वाचायला शिकताना आम्हाला थांबण्याच्या खुणा शिकवतात. कुठे 'मीम' दिसला तर थांबायचंच, कुठे 'ला' दिसलं तर थांबायचं नाही. नंतरच्या विद्वानांनी या खुणा घातल्या, कारण भलत्या ठिकाणी थांबलं तर अर्थ बिघडतो. चिन्हाचं मूळ काम हेच आहे, वाचणाऱ्याला मदत करायची. लिहिणाऱ्याविरुद्ध पुरावा म्हणून ती कुणीच घडवली नव्हती.

म्हणून वाचकांना आणि शिक्षक मित्रांनाही एक विनंती. असं एखादं वाक्य दिसलं की नाव झाकून वाचा. वर्गात नाव न सांगता फळ्यावर लिहा आणि मुलांना सूर ओळखायला सांगा. वीस मुलं पाच वेगवेगळी उत्तरं देतील. मग नाव सांगा, आणि किती जण उत्तर बदलतात ते त्यांनाच मोजू द्या. आणि तरीही समोरच्याचं म्हणणं कळलं नाही, तर "गंमत करताय का?" असं सरळ विचारा. प्रश्नचिन्ह कँडीसाहेबांनी त्यासाठीच दिलंय.