न्हाणीचे दार बाहेर उघडू द्या

आमच्या न्हाणीची एक भिंत तिरकी. दाराशी रुंदी साडेतीन फूट, आत जेमतेम दोन. दार आत उघडायचे, म्हणून पिंप-बादली मधोमध आणि आम्ही अंग चोरून.

गेल्या पावसाळ्यात सासूबाई आत घसरल्या, त्या दाराला टेकूनच पडल्या. ढकलावे तर त्यांनाच लागणार! शेवटी दाराची खालची फळी कापून धाकट्याला आत सरकवला. हाड वाचले, पण जीव टांगणीला लागला होता.

मग सुताराकडून दार बाहेर उघडणारे करून घेतले. बाहेर जागा नसेल तर सरकते बसवा. पिंप अरुंद टोकाला गेले, तिथे उभे तरी कोण राहते? पाणी दाराशीच तुंबायचे, घसरण्याचे मूळ तेच. गवंड्याने जाळीकडे फुटाला पाव इंच उतार दिला, वर खरखरीत लादी. आधाराचा दांडा विटेत पक्का हवा. टॉवेलच्या दांडीवर माणसाचा भार पेलत नाही.

सासूबाई आता कडी लावतच नाहीत. आत आहोत हे कळावे म्हणून मोठ्याने गाणे म्हणतात.