झाडाचं वय विचारू नका

मे महिना उजाडला की डहाणू, बोर्डी, घोलवड, तलासरी या आमच्या पट्ट्यात घराघरांतून एक वाक्य ऐकू येतं. "झाड आता म्हातारं झालंय, पावसाळ्याआधी काढून टाकू." पुढच्या आठवड्यात कटर घेऊन माणसं येतात, दोन दिवसांत साठ-सत्तर वर्षांचा आंबा टेंपोत चढतो, आणि दिवाळीला घरी जावं तर त्या जागी पेव्हर ब्लॉक! पुण्या-मुंबईत नोकरी करणारी आपल्यासारखी पोरं फोनवर "हो हो, सेफ्टी महत्त्वाची" म्हणून मोकळी होतात.

मंडळी, माझं भांडण त्या वाक्याशी आहे. झाड म्हातारं झालं, एवढ्यावरून ते तोडायचं ठरवणं म्हणजे न बघता निकाल देणं.

आता तुम्ही म्हणाल, हा 'झाडे वाचवा'वाला दिसतोय. नाही हो. काही झाडं तोडलीच पाहिजेत आणि ती वेळेत तोडली पाहिजेत. पण कुठली, हे जन्मतारखेवरून कळत नाही.

वयाचाच हिशोब लावायचा तर आधी आमच्या चिकूच्या वाड्या साफ कराव्या लागतील. घोलवडच्या बाजूला चिकू आला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. २०१६ साली 'डहाणू घोलवड चिकू'ला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या नावामागे जुन्या वाड्यांची पुण्याई आहे. खिरणीच्या खुंटावर बांधलेलं चिकूचं कलम सावकाश वाढतं आणि पिढ्यानपिढ्या फळ देतं. वाडी दाट झाली, आत ऊन पोचेना, तर जाणता बागायतदार फांद्यांची विरळणी करतो. म्हातारी झाली म्हणून सगळी वाडी आडवी करत नाही.

अजून एक उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीच्या आसपास लोकांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या. तेव्हा घर किती वर्षांचं आहे हे विचारून उपयोग होता का? भेग कुठे गेलीय, भिंत कुठे फुगलीय, आणि त्या भिंतीखाली कोण झोपतं, हेच बघावं लागलं. मग झाडाला वेगळा न्याय का?

झाडाबद्दल विचारायचे प्रश्न तीनच आहेत. पडलं तर कशावर पडेल? आज त्याची अवस्था काय आहे? आणि या दोन्हींपैकी काही बदलता येईल का? वाडीच्या टोकाला उभं असलेलं पोकळ झाड पडलं तर गवतावर पडेल. तेच झाड मुलांच्या खोलीवर झुकलेलं असेल तर गोष्ट वेगळी. खाटेची जागा बदलणं, गाडीची शेड हलवणं, एकच जड फांदी उतरवणं, हेही उपायच आहेत की.

अवस्थेबद्दल बोलायचं तर सगळ्यात जास्त घाबरवते ती ढोली. "आतून पोकळ झालंय" म्हटलं की झाडाची फाशी पक्की. इंजिनियर मंडळींनी जरा दुसऱ्या वर्षाचं 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स' आठवावं. गोल खोडाची वाकण्याला विरोध करायची ताकद त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरते. म्हणजे मधली अर्धी त्रिज्या पोकळ असेल तर ताकद कमी होते फक्त ६ टक्क्यांच्या आसपास. सत्तर टक्के त्रिज्या पोकळ झाली तरी २४ टक्के. सायकलची फ्रेम पोकळ नळीची असते ती याच गणितावर. म्हणून भोवतीचं निरोगी लाकूड त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश जाडीचं असेल, चीर गेलेली नसेल आणि ढोलीचं तोंड फार मोठं नसेल, तर नुसत्या पोकळीसाठी झाड तोडायची गरज नसते. लाकडी हातोडीने खोड चहूबाजूंनी ठोकून बघितलं तरी बराच अंदाज येतो.

घाबरायचं ते वेगळ्या गोष्टींना. बुंध्याशी उगवलेली टणक अळंबी. झाड अचानक एका बाजूला कलणं आणि उलट बाजूची जमीन उचलली जाणं. दोन फांद्यांच्या बेचक्यातली उभी चीर. भिरूड लागून खोडातून गळणारा भुसा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कापलेली मुळं.

इथेच आपली खरी गंमत आहे. झाडाला आजारी पाडतो कोण? झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. आपण कंपाउंड वॉलसाठी चर खणतो, एका बाजूची मुळं साफ करतो. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओततो. कुणीतरी सांगतं म्हणून शेंडा छाटतो, मग तिथून फुटणारे धुमारे कच्च्या जोडाचे असतात आणि चार वर्षांनी वाऱ्यात तेच मोडून पडतात. एवढं करून वर म्हणायचं, झाड म्हातारं झालं! कोडमध्ये दहा जणांनी हात घालून घाण करायची आणि मग 'लेगसी सिस्टिम आहे, भरवसा नाही' म्हणायचं, तसलाच प्रकार. :)

आमच्याच घरी या वर्षी हा वाद चालू आहे. मागच्या दाराचा आंबा काढायचा असं काकांनी ठरवलंय. "अरे, आजोबांच्या आधीचा आहे तो," हेच त्यांचं कारण. मी म्हटलं, "काका, त्याला अळंबी नाही, चीर नाही, झुकाव नाही. घरावर आलेली एक फांदी उतरवू या." तिकडे फाटकाजवळच्या नारळाला सोंड्या भुंग्याने पोखरलंय, शेंड्याचा कोंब वाळलाय, आणि त्याच्याच खाली रोज सकाळी चार पोरं शाळेच्या रिक्षाची वाट बघत उभी असतात. त्याला मात्र हात लावायचा नाही, कारण तो आजीने लावलाय आणि कल्पवृक्षावर कुऱ्हाड चालवत नाहीत. म्हणजे धडधाकट झाड जाणार आणि मेलेलं झाड पोरांच्या डोक्यावर राहणार. नारळाला वाढायला एकच कोंब असतो. तो मेला की झाड मेलं, नवा फुटत नाही. त्या नारळाला नमस्कार करावा आणि या आठवड्यात उतरवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

नारळाची चेष्टा नको. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला नारळाचं झाड अंगावर कोसळून दूरदर्शनच्या एका माजी निवेदिकेचा जीव गेला. ते झाड काढा म्हणून रहिवाशांनी आधी अर्ज केला होता आणि पाहणीत ते चांगलं ठरलं होतं, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. म्हणजे बघणंही वरवरचं चालत नाही. ज्याच्याखाली माणसांची रोजची ये-जा आहे, त्या झाडाबद्दल शंका आली तर दुसऱ्या जाणकाराला दाखवा. आमच्याकडे तर कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे, जाऊन विचारायला काय हरकत आहे?

मग कायदा. "आमच्या अंगणातलं झाड, आम्ही बघू" हे चालत नाही. डहाणू नगर परिषदेच्या हद्दीत १९७५ चा कायदा लागतो, खाजगी जागेतल्या झाडालाही परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर शहरी भागात पन्नास वर्षांवरचं झाड 'हेरिटेज' धरलं जातं आणि तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची असतात. बाहेर गावांत १९६४ चा कायदा आहे, त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह सगळे आहेत. कायदाही जुन्या झाडाची किंमत जास्त धरतो, कमी नाही.

राहिला तो नेहमीचा टोमणा. "बुलेट ट्रेनसाठी खारफुटीची वीस हजार झाडं तोडायला २०२२ मध्ये हायकोर्टाने परवानगी दिली, वाढवणला बंदर येतंय, आणि तू एका आंब्यासाठी भांडतोस?" हो, भांडतो. १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला, १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने प्राधिकरण आलं, कारण इथल्या लोकांनी आपापल्या वाड्यांसाठी कोर्टाची पायरी चढली. तिकडच्या वीस हजारांवर माझी सही कोणी मागितली नाही. अंगणातल्या एकावर मात्र ती मागतायत.

तेव्हा या वीकएंडला घरी गेलात तर बुंध्यापासून शेंड्यापर्यंत झाड नीट बघा. फोटो काढून ठेवा, पुढच्या मेमध्ये तुलना करता येईल. बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडा. ज्या झाडाचे दिवस खरंच भरत आलेत, त्याचा वारस आजच थोडा लांब लावा. कलमाला चार-पाच वर्षांत आंबे येतील, पण अंगणभर सावली पडायला वीस वर्षं जातात. ती वीस वर्षं मोजून मगच कटरवाल्याला फोन करा.